करकोचे निघाले त्या रविवारी

आमच्या ग्रुपवर मला सगळे ‘मॅडमजी’ म्हणतात. नुसतं मॅडम म्हणा, मागे ‘जी’ची शेपटी कशाला, असं मी एकदा सांगणार होते. पण ते हिंदीत ठसक्यात कसं सांगायचं हे सुचेना, म्हणून राहून गेलं. ग्रुपचं नाव ‘बुरहानपुर पक्षी परिवार’. परिवार! त्यातल्या एकालाही मी समोरासमोर भेटलेली नव्हते. निरंजन नावाचा बँकेतला मुलगा तो ग्रुप चालवतो. ‘पक्षियों में रुचि रखने वाले जुड़ें’ असं त्याने कुठेतरी छापून आणलं होतं. मला रुची होती, म्हणून मी जोडली गेले.

आधी माझं सांगते, नाहीतर म्हणाल ही कोण बाई तावातावाने बोलते आहे. मी मंगला इंगळे. वडील यावलकडचे. कागदाच्या मिलमध्ये नोकरी लागली म्हणून नेपानगरला आले आणि तिथलेच झाले. मी मिलच्या क्वार्टरमध्ये वाढले आणि बुऱ्हाणपुरातल्या एका शाळेत मराठी शिकवता शिकवता रिटायर झाले. लग्न केलं नाही. का केलं नाही हे विचारणारे आता सगळे वर गेले, तेवढी एक शांतता आहे. बुधवारा मोहल्ल्यात भांड्यांच्या दुकानावर माझ्या दोन खोल्या आहेत आणि वर गच्ची. आई शेवटपर्यंत माझ्याजवळच होती. तिला जाऊन दोन वर्षं होतील.

निरोपाच्या दिवशी शाळेने मला शाल आणि भिंतीवरचं घड्याळ दिलं. ज्या माणसाला आता वेळच वेळ आहे त्याला घड्याळ देतात, हेही एक डोकंच म्हणायचं. मी माझ्या पैशांनी दुर्बीण घेतली. संध्याकाळी आईला गच्चीवर खुर्चीत बसवायचे आणि दाखवायचे. ‘आई, ते बघ, टाकीवर धोबी आलाय.’ धोबी म्हणजे तो थंडीतला पाहुणा, काळापांढरा, सारखी शेपटी आपटणारा. आई मान वर करायची. ‘कुठंय?’ ‘अगं तो काय, शेपटी हलवतोय.’ ‘हां हां, दिसला.’ तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, तिला कप्पाळ दिसणार! पण ती ‘दिसला’ म्हणायची आणि माझा दिवस साजरा व्हायचा.

आता अडचण अशी आहे की पक्षी दिसला की तोंडातून ‘ते बघ’ निघतंच. सवय आहे, ती काय करणार? म्हणून टाकते आणि मग लक्षात येतं की शेजारी कोणी नाही. मग दुर्बीण खाली घेते आणि उगाच कुंड्यांना पाणी घालते. मला कोणाचा डबा नको, सोबत नको, ‘तब्येत कशी आहे’ म्हणणारे फोन तर नकोच नको. मला फक्त एक माणूस हवं होतं, ‘कुठंय?’ म्हणणारं. एवढंच. आणि ते एवढंच या एवढ्या मोठ्या शहरात मिळत नव्हतं.

ग्रुपवाले दर रविवारी पहाटे कुठेतरी जायचे. मग दुपारभर फोटो पडत राहायचे. इकडे पाणकोंबडी, तिकडे कचोरी. मध्येच कोणीतरी झाडाखाली हसताना. मला कधी कोणी ‘चला’ म्हटलं नाही. मीही कधी ‘येते’ म्हटलं नाही. जन्मभर मास्तरकी केलेल्या माणसाला बोलावल्याशिवाय जाता येत नाही, आणि न बोलावल्याचा राग मात्र पोटभर येतो.

फाल्गुन लागला. थंडी मोडली की आमच्याकडे पाहुण्यांची परतीची गडबड सुरू होते. पळस फुलला की भोरड्या, म्हणजे गुलाबी मैना, थव्याने येतात, फुलांवर भांडभांड भांडतात आणि एके दिवशी नाहीशा होतात. गच्चीवरचा धोबीही येईनासा झाला होता. अशात गुरुवारी मालूबाईंचा फोन आला.

मालूबाईंची केळीची बाग बहादरपुरला आहे. त्यांची मुलगी माझी विद्यार्थिनी होती, ती लग्न होऊन गेली, पण मालूबाईंशी माझं टिकून राहिलं. त्यांच्या शेताच्या मागे उतार आहे आणि उताराखाली थेट तापी.

“मॅडम, ते तुमचे लंब्या पायाचे आले वो,” त्या ओरडल्या. फोनवर त्या नेहमी नदीपलीकडे हाक मारल्यासारख्या बोलतात. “रेतीवर उतरेल हायत. लय झन हायत.”

शुक्रवारी सकाळी मी रिक्षा करून गेले. बांधावर पोचले आणि पाहतच राहिले. करकोचे! राखाडी अंगाचे, काळ्या मानेचे, कानामागे पांढरे तुरे सोडलेले, नदीच्या रेतीवर लांबच लांब पसरलेले. आमच्या बाजूला ते असे सगळे एकत्र फार क्वचित उतरतात. ग्रुपवरची मुलं त्यांना कुरजां म्हणतात. आणि ते स्वस्थ नव्हते. मध्येच एखादा पंख उघडून उडी मारायचा, त्याला बघून दहाजण मारायचे. थोडे वर उठायचे, गोल फिरायचे आणि पुन्हा खाली यायचे. स्टेशनवर गाडी यायच्या आधी माणसं करतात तसं चाललं होतं सगळं. हे आता निघणार, आज नाहीतर उद्या नाहीतर परवा, हे मला कळलं. उत्तरेकडे, हिमालय ओलांडून. आणि मी म्हणून गेले, “ते बघा, मालूबाई!”

“पाह्यते ना मी रोजच,” मालूबाई म्हणाल्या. त्यांचं लक्ष घड उतरवणाऱ्या माणसांकडे होतं. “उन्हात नका उभ्या राहू. चहा ठेवू का?”

मालूबाई सोन्यासारखी बाई आहे. पण ‘कुठंय?’ म्हणणारी नाही.

घरी आले ते एकच विचार घेऊन. हे ग्रुपवर सांगायचं. फोटो नाही, तर नाही. आपण ठिकाण सांगितलं की कोणीतरी म्हणेल, ‘मॅडमजी, चलिए ना, हमें दिखाइए.’ मी स्वतःहून चला म्हणणार नव्हते. ते त्यांनी म्हणायचं. शुक्रवार सगळा सांगावं की नाही यातच गेला. शनिवारी संध्याकाळी दिवा लावला, चष्मा पुसला आणि मोबाईल घेऊन बसले.

आता माझ्या हिंदीची गंमत ऐका. जन्म मध्य प्रदेशातला, नोकरी इथली, भाजी हिंदीत घेते, भांडते हिंदीत. पण लिहायची वेळ आली की हात थांबतो. आमच्यात झुंड ती, हिंदीत झुंड तो. का ती? ‘झुंड देखा’ की ‘झुंड देखी’? चुकलं तर ती पोरं म्हणणार, टीचर थीं और देखो. मी दोन्ही लिहून पाहिलं, दोन्ही खोडलं. शेवटी वैतागून क्रियापदच गाळलं. ज्या बाईने क्रियापद नसलेल्या वाक्याला कधी अर्धा मार्क दिला नाही, तिने लिहिलं: ‘कल सुबह, बहादरपुर, मालूबाई के खेत के पीछे, नदी की रेत पर, कुरजां का झुंड.’ वाचून पाहिलं. चूक काढायला जागा नव्हती. पाठवून दिलं.

आणि थांबले.

थोड्या वेळाने एक अंगठा आला. मग दुसरा, मग आणखी दोन. रश्मी म्हणून एक मुलगी आहे, नर्सिंग शिकते, तिचाही अंगठा. निरंजनने तेवढं ‘जी मॅडमजी’ लिहिलं आणि खाली हात जोडले. संपलं. कोणी विचारलं नाही की किती होते, कसे दिसत होते, अजून आहेत का. मी स्क्रीन वर ओढली, खाली ओढली. कोणीतरी सुप्रभातचं गुलाबाचं फूल टाकलं, संध्याकाळी!

आपल्याकडे अंगठा दाखवणं म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. त्यांच्या पिढीत त्याचा अर्थ ‘बरं’ असा होतो हे मलाही ठाऊक आहे, मी काही अगदी गुहेत राहत नाही. पण ‘बरं’ तरी काय चांगलं आहे? एखाद्याने घरातलं सोनं काढून दाखवावं आणि समोरच्याने ‘बरं’ म्हणून पुढे जावं? मला इतका राग आला, आणि रागाच्या खाली इतकं वाईट वाटलं, की मी मोबाईल बंद केला आणि तांदळाच्या डब्यात ठेवून झाकण लावलं. तांदळाच्या डब्यात का, ते विचारू नका. समोर नको होता म्हणून.

रविवारी मी गोधड्या धुवायला काढल्या. राग आला की मी गोधड्या धुते, त्यामुळे माझ्या गोधड्या नेहमी स्वच्छ असतात. ऊन चांगलं वर आलं होतं. दोरीवर शेवटची गोधडी टाकत होते आणि आवाज आला. कर्र, कर्र, लांबून आणि फार उंचावरून, खूप जण एकदम बोलत असल्यासारखा. मी दुर्बीण आणायला धावले. चप्पल एकीकडे, मी एकीकडे. बहादरपुरच्या बाजूला आभाळात ठिपक्यांचं एक मोठं चक्र फिरत होतं. हळूहळू वर चढत होतं. पंख न हलवता. चढता चढता ते उलगडलं, त्याची एक लांब वाकडी ओळ झाली आणि ती ओळ उत्तरेला चालू लागली. माझ्या डोक्यावरून नाही, थोडी बाजूने.

“ते बघ,” मी म्हणाले. गोधडीला म्हणाले असं समजा.

आवाज बंद झाला तरी मी मान वर करून उभी होते. मग मला रडू आलं. सरळ सांगते, हुंदके देऊन रडले. शेजारच्या गच्चीवर पापड वाळत होते, माणूस नव्हतं, म्हणून बरं. वाटलं, एवढं मोठं काही घडलं आणि या गावात ते एका बाईने आणि तिच्या गोधड्यांनी पाहिलं.

दुपारी जेवण करून भांडी आवरत होते तर जिन्यात पावलं वाजली. मालूबाई. रविवारी त्या बाजाराला येतात, पण माझा जिना सहसा चढत नाहीत, गुडघे दुखतात. हातात एक पिशवी होती.

“काय वो मॅडम,” त्यांनी दारातूनच सुरू केलं, “लोकाइले बलावता अन् तुमीच येत नाही?”

“कोणत्या लोकांना?”

“कोन्त्या लोकाइले म्हने! ते दुर्बीनवाले. चार-पाच झन व्हते. सकायच्या अंधारापासून माह्या बांधावर बसेल. मी तुमाले फोन लावू लावू थकली. बंद काहून हाय तुमचा फोन?”

मला काही कळेना. “त्यांना तिथलं कोणी सांगितलं?”

“तुमी! त्या पोरीनं मले मोबाईलमंदी वाचून दाखवलं ना. कल सुबह, बहादरपुर, मालूबाई के खेत के पीछे. माहं नाव हाय त्याच्यात.” त्या जरा खूश दिसल्या. “मंग म्या म्हटलं, बसा, मॅडम येतच असतीन.”

“अहो, कल म्हणजे काल!” मी ओरडलेच. “मी शनिवारी लिहिलं ते. काल म्हणजे शुक्रवारी. शुक्रवारी मी तुमच्याकडे आले होते ना, तेव्हा पाहिले, ते सांगितलं मी!”

“कल म्हंजी उद्या ना वो?”

“कालही आणि उद्याही. हिंदीत दोन्हीला कल.”

“मंग कोन्तं ते कसं कयतं?”

क्रियापदावरून. ‘देखा’ म्हटलं असतं तरी कळलं असतं, ‘देखी’ म्हटलं असतं तरी कळलं असतं. चुकीचं लिहिलं असतं तरी बरोबर पोचलं असतं. मी खुर्चीवर बसले. म्हणजे ते अंगठे. ते ‘बरं’ नव्हते. ते ‘येतो’ होते.

मालूबाईंनी स्वतःच माठातलं पाणी घेतलं. “लय थांबले बिचारे. मले विचारे ती पोरगी, मॅडम कैशी दिखती हैं? म्या सांगितलं, उंच हायत, चष्मा हाय अन् बोलनं तिखट हाय. हासली.” मग पिशवी माझ्यापुढे ठेवली. “हे तुमच्यासाठी आनेल व्हतं त्याइनं. देऊन द्या म्हने मॅडमले.”

पिशवीत दराब्याचा डबा होता, रवा-तुपाची आमची इथली मिठाई. पहिल्यांदा घरी येणाऱ्या पाहुण्यासाठी आपण बुऱ्हाणपुरात दराबा आणतो, तसा, झाकणाला मिठाईवाल्याची दोरी बांधलेला. न सोडलेला. त्यांनी स्वतःही खाल्ला नव्हता.

“अन् पाखरं?” मी विचारलं. मला माहीत होतं, मी पाहिलं होतं. तरी विचारलं.

“गेले ना. त्याइच्या डोयापुढंच गेले सगये.” मालूबाई उठल्या. “आता येतीन कार्तिकात. चाला, माहं तेल घ्यायचं राह्यलं.”

त्या गेल्यावर मी तांदळाचा डबा उघडला. मोबाईल चालू केला तर तो थरथरतच राहिला, थांबेचना. निरंजनचे कॉल येऊन गेल्याचे मेसेज, अनोळखी नंबरांचे, मालूबाईंचे. ग्रुपवर माझ्या त्या बिनक्रियापदाच्या वाक्याखाली पहाटेपासून गर्दी. ‘मॅडमजी हम पहुंच गए.’ ‘मॅडमजी कहां हैं?’ ‘मॅडमजी, जल्दी आइए, उड़ने वाले हैं.’ आणि मग रश्मीने टाकलेला एक व्हिडिओ. खाली लिहिलं होतं, ‘मॅडमजी के लिए.’

मी चष्मा पुसला आणि व्हिडिओ लावला.

रेती दिसली. करकोचे दिसले, किती जवळून. कोणीतरी कुजबुजलं आणि कोणीतरी त्याला गप्प केलं. मग सगळे एकदम पळायला लागले, पंख उघडले, पाय लोंबत राहिले आणि रेती रिकामी झाली. मोबाईल त्यांच्याबरोबर वर गेला. पहिला फेरा झाला. दुसऱ्या फेऱ्याला चक्र नुकतं जमायला लागलं होतं, आणि तेवढ्यात सगळं हललं, आभाळ गेलं, आणि समोर केळीच्या दोन बागांमधून येणारी धुळीची गाडीवाट दिसायला लागली. मधोमध नुसती वाट.

“अगं वर धर!” मी त्या मुलीला म्हणाले. “वर बघ ना बये, असं आयुष्यात पुन्हा दिसायचं नाही तुला! वाट कसली दाखवतेस?”

तिने वर धरला नाही. आवाज येत होता, कर्र, कर्र, चक्र डोक्यावर फिरत असणार, आणि ही खुळी वाटेवर मोबाईल धरून उभी. मग निरंजनचा आवाज आला, “दिखीं क्या?” रश्मी म्हणाली, “कोई आ तो रहा है.” वळणावर धूळ उठली. धुळीतून ट्रॅक्टर आला आणि बाजूने निघून गेला. “नहीं,” ती म्हणाली. “रुको, थोड़ा और देखते हैं.” आणि मोबाईल तसाच ठेवला.

इतकी वर्षं मी मुलांना वाक्प्रचार शिकवले. वाट बघणे. अर्थ सांगा आणि वाक्यात उपयोग करा. मुलं काहीतरी लिहायची, मी बरोबरची खूण करायची आणि वही बंद करायची. वाट बघणे म्हणजे खरोखर वाट बघणे असतं हे माझ्या कधी डोक्यात आलं नाही. कोणीतरी उभं राहतं, डोक्यावरून हिमालयाकडे निघालेले पक्षी सोडून देतं आणि एका रिकाम्या वाटेकडे डोळे लावून बसतं, कारण तिच्यावरून एक माणूस यायचं असतं. ते माणूस मी होते.

वरचा आवाज लहान होत गेला. केळीची पानं हलत होती. मी मोबाईल डोळ्यांजवळ धरला आणि त्या वळणाकडे त्यांच्याबरोबर बघत राहिले. मला माहीत होतं, तरी बघत राहिले. व्हिडिओ संपला तेव्हाही वाटेवर कोणी आलेलं नव्हतं.